पाणी कोणीच दिलं नव्हतं

खाट क्रमांक चारभोवती एकूण अकरा नळ्या होत्या. आत जाणाऱ्या आठ, बाहेर येणाऱ्या दोन, आणि एक नेमकी कुठे जाते याबद्दल सकाळपाळी आणि दुपारपाळी यांच्यात मतभेद होते. नळ्यांच्या मधोमध रावसाहेब ओव्हाळ होते. वय सदुसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, मुक्काम विश्रांतवाडी, आजार न्यूमोनिया. तोंडात श्वासयंत्राची नळी असल्यामुळे त्यांचं स्वतःचं म्हणणं उपलब्ध नव्हतं.

मनुष्यदेहात साठ टक्के पाणी असतं, हे शाळेत शिकवलेलं सत्य आहे. उरलेल्या चाळीस टक्क्यांत अजून जागा आहे, या विश्वासावर आधुनिक रुग्णसेवा उभी आहे.

पूर्वी पुण्यात माणूस आजारी पडला की त्याला एकच डॉक्टर असे. तो पेशंटला 'तोंड उघडा' आणि नातेवाइकांना 'तोंड बंद ठेवा' असं सांगे, आणि दोघंही ऐकत. उदारीकरणानंतर ही मक्तेदारी मोडली. आमच्या रुग्णालयात (नाव सांगत नाही, बोर्ड नगर रस्त्यावरून दिसतो आणि रात्री विमानातूनही दिसत असावा) प्रत्येक अवयवाला स्वतंत्र तज्ज्ञ आहे. रावसाहेबांना सात तज्ज्ञ लाभले होते. त्यांच्यात निरोगी स्पर्धा होती. निरोगी असं तिथे एवढंच होतं.

आता हे स्पष्ट केलं पाहिजे की रावसाहेबांना पाणी कोणीच दिलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांचं ब्लडप्रेशर कोसळलं होतं तेव्हा भराभर सलाईन द्यावं लागलं, आणि ते योग्यच होतं, त्यानंच ते वाचले. पण तो प्रसंग संपला. त्यानंतर त्यांना फक्त औषधं दिली जात होती. औषध पाण्यात विरघळवून द्यावं लागतं, हा निसर्गनियम आहे, त्याला रुग्णालय जबाबदार नाही. संसर्गवाल्यांची दोन औषधं मिळून दिवसाला पाचशे मिली. पोटवाल्यांचं ॲसिडिटीचं, दोनशे. तापाचं, चारशे. किडनीवाल्यांचं पोटॅशियम, पाचशे. मग ते पिवळं सलाईन, ज्यात जीवनसत्त्वं असतात, तेही पाचशे. (जीवनसत्त्वांचा उपयोग वादग्रस्त आहे, पिवळ्या रंगाचा नाही. तो काचेबाहेरून नातेवाइकांना दिसतो.) नाकातल्या नळीतून पातळ आहार दीड लिटर. आणि शेवटी, शीर उघडी राहावी म्हणून दिवसरात्र थेंब थेंब चालू असलेलं साधं सलाईन, सातशे वीस. शीर उघडी कशाला ठेवायची, तर पुढचं सलाईन लावता यावं म्हणून.

प्रत्येक तज्ज्ञाची बाटली ही त्याची स्वतःची बाटली असते. दुसऱ्याच्या बाटलीला हात लावणं हे दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावण्यासारखं समजलं जातं. त्यामुळे संचार सुरळीत राहतो.

या सगळ्याची नोंद संगणकात होते. सॉफ्टवेअर हिंजवडीत तयार झालेलं आहे आणि अतिशय सुंदर आहे. प्रत्येक तज्ज्ञानं लॉगिन केलं की त्याला फक्त त्याच्याच औषधाची ओळ दिसते, दुसऱ्याची दिसून मन विचलित होत नाही. बेरीज मात्र त्यात नाही. करारात ती कोणी मागितली नव्हती. मागितली असती, तर बेरीज हा वेगळा विभाग झाला असता, त्याला प्रमुख लागला असता, आणि त्या प्रमुखानंही काहीतरी शंभर मिलीत दिलंच असतं.

मी गुणवत्ता विभागात आहे. बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केल्यावर पुण्यात मिळणाऱ्या नोकऱ्यांपैकी ही एसीतली आहे. ओळी बरोबर भरल्या जातात की नाही हे पाहणं माझं काम. रावसाहेबांच्या ओळी बिनचूक होत्या.

बेरीज विचारणारी पहिली व्यक्ती म्हणजे रावसाहेबांची मुलगी, मैत्री ओव्हाळ. त्या हिंजवडीत एका कंपनीत टेस्टर आहेत, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा त्यांना पगार मिळतो. अशी माणसं समाजात लोकप्रिय नसतात. कंपनीची बस येरवड्याच्या चौकात सोडून त्या चालत आल्या, काचेजवळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "टोटल कुठे दिसते?"

"कशाची?"

"पाण्याची."

"मॅडम, पाणी दिलेलं नाही. ही औषधं आहेत."

"बरं. औषधांतल्या पाण्याची."

"तसा रकाना नाही."

"का नाही?"

"रिक्वायरमेंटमध्ये नव्हता."

हे उत्तर त्यांना कुठेतरी ओळखीचं वाटलं असावं, कारण त्यांनी वाद घातला नाही. मोबाईल काढला आणि मला एकेक आकडा वाचायला लावला. चार हजार तीनशे वीस मिली आत. बाहेरच्या दोन नळ्यांतून, म्हणजे लघवीच्या आणि छातीतल्या, मिळून अकराशे पन्नास. श्वासाघामातून जाणारं अंदाजे सातशे मी वजा करायला सांगितलं, म्हणजे अन्याय नको. तरी दोन हजार चारशे सत्तर उरले.

"एका दिवसात अडीच लिटर?"

"जवळजवळ."

"आणि असं किती दिवस?"

मी म्हटलं, तो रकानाही नाही.

आम्ही आत खाटेजवळ गेलो. त्यांनी वडिलांच्या पायावर बोट दाबलं. बोट काढल्यावर तिथे खळगा राहिला. आम्ही दोघी त्या खळग्याकडे बघत होतो, आणि तो भरून यायची घाई करत नव्हता.

याबाबत कुटुंबात एकमत नव्हतं, हेही नोंदवायला हवं. रावसाहेबांच्या पत्नी वेणूबाई यांना फरक दिसला होता आणि त्यांना तो आवडला होता. "लग्नापासनं यांचे गाल कधी वर आले नव्हते," त्या मला म्हणाल्या. "तुमच्याकडे आल्यापास्नं अंग धरलंय बघा." आमच्या अभिप्रायपत्रात त्यांनी पाचपैकी पाच तारे दिले होते.

आता हृदयाकडे वळू. हृदय हा पंप आहे असं लोक समजतात. ते अर्धसत्य आहे. हृदय हे तक्रार निवारण केंद्राच्या विरुद्ध असतं, म्हणजे तक्रार नोंदवणारं केंद्र असतं. शरीरात पाणी जास्त झालं की रक्ताचा फुगवटा हृदयाच्या भिंतींवर येतो, भिंती ताणल्या जातात, आणि त्यातल्या पेशी एक हार्मोन सोडतात. पूर्ण नाव नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, व्यवहारात बीएनपी. ते रक्तातून किडनीकडे जातं आणि सांगतं, मीठ सोडा, पाणी सोडा. पंगतीत बसलेला माणूस पानावर आडवा हात धरून 'पुरे, पुरे' म्हणतो, तेच हे. महाराष्ट्रात या हाताला वाढप्यानं काय किंमत दिली आहे ते आपण जाणतो. हात बाजूला करून एक जिलबी जास्तच पडते. आग्रह न करण्याबद्दल उर्वरित महाराष्ट्र पुण्याला नावं ठेवतो. त्या मंडळींनी आमचा अतिदक्षता विभाग पाहिलेला नाही.

निरोगी माणसात हा आकडा शंभराच्या आत असतो. रावसाहेबांचा आधी सहाशे चाळीस आला. मग अकराशे ऐंशी. मग अठराशे पन्नास. प्रत्येक अहवालाखाली प्रयोगशाळेनं छापलं होतं: क्लिनिकली कोरिलेट करावं. म्हणजे, हा आकडा तुमच्या पेशंटशी ताडून पाहावा. सातही तज्ज्ञांनी ताडून पाहिला. हृदयवाले म्हणाले, हृदयाची सोनोग्राफी चांगली आहे, आकडा किडनीमुळे असेल. किडनीवाले म्हणाले, किडनी जेवढ्यास तेवढी आहे, आकडा जंतुसंसर्गामुळे. संसर्गवाले म्हणाले, संसर्ग उतरतोय, वयामुळे असेल. वयाचा तज्ज्ञ आमच्याकडे नव्हता, त्यामुळे चर्चा तिथे थांबली. यात कोणीही खोटं बोललं नाही. गंभीर आजारात हा आकडा या सगळ्या कारणांनी खरोखरच वाढतो. एका तक्रारीला अनेक कारणं असू शकतात, हे शास्त्र आहे. म्हणून तक्रारीकडे बघायचंच नाही, ही कार्यपद्धती आहे.

आकड्याचा अर्थ लावण्यासाठी आठवे तज्ज्ञ बोलवावेत असं ठरलं. ते आले आणि एक औषध लिहून गेले. शंभर मिलीत.

दरम्यान छातीवाल्यांनी वेगळाच मुद्दा काढला. फुप्फुसं ओली होती, त्यामुळे श्वासयंत्र निघत नव्हतं, आणि तोंडातली नळी फार काळ ठेवता येत नाही. तेव्हा शनिवारी सकाळी गळ्याला भोक पाडून तिथून नळी घालायची. छोटी प्रक्रिया आहे, असं ते म्हणाले. मैत्रीताईंनी विचारलं, "आवाज?" ते म्हणाले, "नळी आहे तोवर नाही. नंतर बघू. वय बघता सांगता येत नाही." रावसाहेब विश्रांतवाडीच्या विहारात दर रविवारी वंदना सुरू करून देत. टेलिफोन खात्यात असताना त्यांचा आवाज ट्रंक कॉलशिवाय मुंबईला पोचतो असं म्हणत. ही माहिती आमच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

मैत्रीताई अतिदक्षता विभागाचे प्रमुख डॉ. अनिरुद्ध हर्डीकर यांच्या केबिनमध्ये गेल्या. आकडे दाखवायचे होते म्हणून मीही होते.

"डॉक्टर, फुप्फुसात पाणी आहे ना?"

"आहे."

"मग बाटल्या काढा. आणि आहे ते पाणी लघवीवाटे उतरवा. मग गळा कापायची वेळ येणार नाही."

हर्डीकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला कळतं हो ते. पण काढू कुणाची?"

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आमच्याकडे बाटली लावायला तोंडी सूचना पुरते, फोनवरूनही चालते. काढायला मात्र ज्याची बाटली त्याची लेखी संमती लागते, सगळ्यांची मिळून एक बैठक लागते, आणि कुटुंबाचं एकमत लागतं. कारण उघड आहे. बाटली लावून माणूस गेला, तर प्रयत्नांची शर्थ केली असं म्हणतात. बाटली काढून गेला, तर काढली म्हणून गेला. महानगरपालिका गुरुवारी पाणी बंद ठेवते तेव्हा निदान पेपरात निवेदन देते. आमच्याकडे तशी सोय नाही.

बैठक झाली. प्रत्येक तज्ज्ञानं सांगितलं की पाणी कमी करायला त्याचा पूर्ण पाठिंबा आहे आणि त्याचं स्वतःचं फक्त शंभर मिली आहे. आमच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख चैताली मॅडम यांनी एक आकडेवारी मांडली: ज्या खाटेचा सलाईनचा स्टँड रिकामा दिसतो, तिथल्या नातेवाइकांचा अभिप्राय सरासरी पावणेदोन ताऱ्यांनी घसरतो. "लोकांना वाटतं, काहीच चालू नाही. मग बिल कशाचं?" बैठकीतला हा एकमेव मुद्दा होता ज्यावर कोणी दुसऱ्याकडे बोट दाखवलं नाही.

शेवटी तज्ज्ञ तयार झाले. राहिलं कुटुंबाचं एकमत, आणि तिथे रावसाहेबांचे थोरले भाऊ सोनबा ओव्हाळ आडवे आले. ते वाघोलीहून आले होते. त्यांच्या घरासमोर आता बारा मजली इमारत आहे आणि तिला टँकरनं पाणी येतं, यावर त्यांचं स्वतंत्र मत होतं. पुतणीचं म्हणणं ऐकून ते प्रतीक्षाकक्षात उभे राहिले. सगळा कक्ष ऐकू लागला.

"पानी तोडायचं? बापाचं?"

"काका, तोडायचं नाही. कमी करायचं."

"येकच ते. आगं, पान्यासाठी आपल्या मान्सांनी तळ्यावर डोकी फोडून घेतली. माझ्या बापानं वंजळीत वरनं पानी घेतलंय, त्ये बी कुनी घातलं तर. आन् आता येवढ्या मोठ्या दवाखान्यात, काचंच्या आत, समद्यांच्या देखत माझ्या भावाला पानी मिळतंय, तर तू बंद करतीस?"

वेणूबाई डोळ्याला पदर लावून बसल्या. चैताली मॅडम मोबाईलमध्ये बघू लागल्या.

मैत्रीताई काकांच्या शेजारी बसल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "काका, तेव्हा आपण पाणी मागत होतो आणि लोक देत नव्हते. आता बाबा नको म्हणतायत आणि लोक थांबत नाहीत. दोन्ही वेळेला आपलं म्हणणं कुणी ऐकलं का?"

"त्यो कवा नको म्हनला? त्याच्या तोंडात नळी हाय."

"हृदय म्हणतंय."

"हृदय बोलतं व्हय?"

"रक्तात बोलतं. मशीनवर आकडा येतो. चांगल्या माणसाचा शंभराच्या आत असतो."

"आन् ह्याचा?"

"अठराशे पन्नास."

सोनबाकाकांनी मनात भागाकार केला. "म्हंजी अठरा पट बोंबलतोय की त्यो."

"हो."

"आन् ह्ये समदे डाक्टर काय करत्यात?"

"कोरिलेट."

"म्हंजी?"

"ऐकून घेतात."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "आना तुमचा कागद. ल्हानपनी बी असाच हुता. ताटात वाढलेलं सांडलं तरी न्हाई म्हनायचा न्हाई. आता म्हनतोय तर ऐका की वो."

वेणूबाईंनी एकच अट घातली: पिवळी बाटली काढायची नाही. त्यावर चैताली मॅडमनी जो तोडगा काढला, त्याबद्दल पुढे त्यांना उत्कृष्टता पुरस्कार मिळाला. सगळ्या बाटल्या स्टँडवर तशाच लटकत ठेवायच्या, फक्त चाव्या बंद करायच्या. औषधं तीच, पण छोट्या सिरिंजमधून, दाट करून. आहार दाट. लघवीचं इंजेक्शन थेंब थेंब चालू. प्रत्येक तज्ज्ञ फेरीला आला, त्याला आपली बाटली लटकताना दिसली, त्याचं समाधान झालं. वेणूबाईंना पिवळा रंग दिसत होता. सर्व संबंधितांचं समाधान आणि रुग्णाचा फायदा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्याची आमच्या विभागातली ही पहिलीच नोंद.

रावसाहेबांना पहिल्या चोवीस तासांत तीन हजार नऊशे मिली लघवी झाली. मैत्रीताई ऑफिसमधून दर तासाला फोन करून आकडा विचारत, आणि तिकडे कोणीतरी टाळी वाजवल्याचा आवाज येई. छातीवाल्यांनी गळ्याची प्रक्रिया आधी एक दिवस, मग आणखी एक दिवस पुढे ढकलली, आणि मग तिचा विषय कोणी काढेना. गाल खाली गेले. हार्मोन चारशे दहावर आलं. तोंडातली नळी निघाली.

सगळं कुटुंब भोवती होतं. रावसाहेबांनी ओठ हलवले. आवाज घोगरा होता, पण होता. सोनबाकाका कान जवळ नेऊन वाकले.

"पाणी," रावसाहेब म्हणाले.

वेणूबाईंनी मुलीकडे जे पाहिलं, ते मोजायचं उपकरण आमच्याकडे नाही.

त्यांना ओल्या कापसानं ओठ पुसून देण्यात आले आणि दोन दिवसांनी साध्या वॉर्डात हलवण्यात आलं. हर्डीकरांनी खाटेवर पाटी लावायला सांगितली: दिवसभरात सर्व मिळून एक लिटर, जास्त नाही. हृदय अजून कुरकुरत होतं, पण ऐकण्याजोग्या स्वरात.

चैताली मॅडमना वाटलं, समाजप्रबोधन व्हावं. त्यांनी मला नातेवाइकांसाठी सोप्या मराठीत माहितीपत्रक लिहायला सांगितलं. पाणी कसं साठतं, कोणीच जास्त देत नाही तरी कसं जास्त होतं, हृदय ते कसं कळवतं, आणि कळवल्यावर आपण काय करतो. मजकूर साधारण तुम्ही इथवर वाचलात तोच होता. पुढच्या शनिवारी संध्याकाळी, भेटीच्या वेळेत, रावसाहेबांना बघायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात ते वॉर्डाच्या दारातच दिलं, आणि वाचून झाल्यावरच आत सोडलं.

एकूण सव्वीस जण आले. विहारातले, टेलिफोन खात्यातले, सोसायटीतले, मैत्रीताईंच्या कंपनीतले. सगळे तुमच्यासारखेच, शिकलेले, समंजस, दुसऱ्याच्या चुकीवर योग्य ठिकाणी हसणारे. सव्वीसच्या सव्वीस जणांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. काही जण डॉक्टरांच्या भागाला मोठ्यानं हसले. तिघांनी शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या. एका गृहस्थांनी घडी करून खिशात ठेवलं, घरच्यांना वाचून दाखवतो म्हणाले. मग सगळे आत गेले. रावसाहेब माणसं बघून हरखले होते, आणि आलेल्या माणसाचं मन मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

रविवारी सकाळी सफाईच्या वेळी खाटेखाली रिकामी शहाळी सात मिळाली. शिवाय ताकाच्या पिशव्या तीन, मोसंबीच्या रसाची बाटली एक, आणि सूपचा थर्मास एक, तळाशी दोन चमचे शिल्लक.

सकाळच्या रक्तातली हार्मोनची पातळी: सहाशे नव्वद.